पोटातली चरबी आणि पुढच्या वर्षीची अंडी

जून महिन्यात एक-दोन दमदार पाऊस झाले की बांधावरच्या भुसभुशीत मातीत सरड्याची मादी पुढच्या पायांनी खड्डा उकरताना दिसते. त्यात दहा-वीस पांढरी, चिवट कवचाची अंडी घालून ती माती पुन्हा आत ओढते आणि तोंडाने दाबून जागा सपाट करते. तेव्हा तिचे पोट पार खपाटीला गेलेले असते. एवढ्या अंड्यांत भरलेला बलक तिने आणला कुठून, याचे उत्तर बऱ्याचदा आदल्या वर्षात शोधावे लागते.

अनेक जातींच्या सरड्यांमध्ये पोटाच्या मागच्या भागात चरबीच्या फिकट पिवळसर पिंडांची एक जोडी असते. विणीचा हंगाम संपून अंडाशय शांत झाला की हे पिंड फुगतात आणि पुढच्या हंगामात अंडी वाढू लागली की आक्रसतात. ही शिदोरी केवळ हिवाळ्यासाठी असावी असे कुणालाही वाटेल. परंतु थंडीत निपचित पडलेल्या सरड्याच्या शरीराचा खर्च फार थोडा असतो.

मग ती चरबी जाते कुठे, याचा छडा हान आणि टिंकल या संशोधकांनी 1965 साली लावला. त्यांनी निवडलेला उटा स्टान्सबुरियाना हा पश्चिम अमेरिकेतल्या रखरखीत भागातला, शेपूट सोडून जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीचा सरडा. काही माद्यांच्या पोटातले चरबीचे पिंड त्यांनी शस्त्रक्रियेने काढून टाकले, तेव्हा त्यांच्या अंडाशयात बलक भरलाच नाही. चरबी शाबूत असलेल्या माद्यांमध्ये तो भरला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण दोन गोष्टी एकाच वेळी घडतात एवढ्यावर न थांबता एक गोष्ट दुसरीवर अवलंबून आहे हे त्याने दाखवून दिले. या देवघेवीत यकृत मधला दुवा असते. अंडाशयातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा इशारा मिळताच यकृत बलकाचे प्रथिन तयार करू लागते आणि ते चरबीसह रक्तातून अंड्यांपर्यंत पोहोचते.

उटाची मादी एका हंगामात अनेकदा अंडी घालते. पहिल्या खेपेचा भार मुख्यतः या साठ्यावर असतो, तर नंतरच्या खेपा त्या-त्या वेळी मिळालेल्या किड्यांवर निभावतात. टेक्सासमध्ये यांतले बहुतेक सरडे वर्षभराच्या आसपासच जगतात. म्हणजे शरद ऋतूत जमवलेली चरबी त्यांच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका विणीच्या हंगामासाठी असते.

काही जाती हा साठा शेपटीत करतात. थरच्या वाळवंटात आणि कच्छमध्ये राहणारा सांडा हा शाकाहारी सरडा हिवाळ्यात बिळाचे तोंड मातीने बंद करून आत पडून राहतो आणि वसंतात बाहेर येऊन जोडी जमवतो. त्याच्या शेपटीच्या बुडाशी असलेल्या चरबीचे तेल औषधी असल्याचे सांगून ते विकले जाते, आणि त्यासाठी त्याची हत्या होते. त्या तेलाचा गुण सिद्ध झालेला नाही. मारला गेलेला सांडा मादी असेल, तर तिच्यासोबत त्या वसंतातली अंडीही जातात.