बाणाचे शेपूट

मराठीत 'बाण' म्हणजे धनुष्यातून सुटणारा शर, तसाच दिवाळीत बाटलीत उभा करून पेटवला जाणारा फटाकाही. आणि रॉकेटला तर आपण 'अग्निबाण' असेच म्हणतो. हे नाव केवळ आकारावरून पडले असे समजणे अपुरे ठरेल, कारण धनुष्याचा बाण आणि फटाक्याचा बाण एकाच नियमाने सरळ जातात.

उडणाऱ्या प्रत्येक वस्तूत दोन बिंदू महत्त्वाचे असतात. सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो गुरुत्वमध्य, आणि हवेचा रेटा जिथे एकवटून लागतो असे मानता येते ते दाबकेंद्र. बाणाचे जड टोक गुरुत्वमध्याला पुढे ओढते, तर शेवटाची हलकी पण पसरट पिसे दाबकेंद्राला मागे नेतात. उडता उडता बाण किंचित तिरपा झाला, की हवा पिसांवर आदळते आणि शेपूट पुन्हा मार्गावर आणते. हे दोन बिंदू उलट क्रमाने असते, तर हवेच्या त्याच रेट्याने बाण गरकन फिरला असता. नेम धनुर्धराचा असला तरी तो टिकवण्याचे काम पिसे करतात, आणि मला बाणाचा हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

फटाक्याच्या बाणाला पिसे नसतात. त्यांचे काम लांब काडी करते. म्हणूनच काडी मोडलेला बाण भरकटतो आणि तो कधीही पेटवू नये. हैदरअली आणि टिपू यांच्या म्हैसूरच्या सैन्याकडे लोखंडी नळ्यांचे जे बाण होते, त्यांनाही लांब बांबू बांधलेला असे. पुढे 1844 मध्ये विल्यम हेल या इंग्रज संशोधकाने बाहेर पडणारा वायू तिरपा वळवून रॉकेट स्वतःभोवती फिरते ठेवले आणि काडीची गरज संपवली. आजचे मोठे प्रक्षेपक इंजिनाचे नोझल, म्हणजे वायू बाहेर सोडणारे तोंड, हलवून दिशा सांभाळतात.

वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या वातकुक्कुटावरचा बाण मात्र जागचा हलत नाही, नुसता फिरतो. त्याचे रुंद शेपूट वाऱ्याबरोबर ढकलले जाते, त्यामुळे टोक वारा जिकडून येतो तिकडे वळते. वाऱ्यांची नावेही आपण तशीच, ते येतात त्या दिशेवरून ठेवतो. नैर्ऋत्य मोसमी वारे कोकण किनाऱ्यावर वाहू लागले, की तिथल्या वातकुक्कुटाचा बाण समुद्राकडे रोखलेला दिसतो.