ताप नसलेला आजार आणि रजा नसलेले कर्मचारी

अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराजवळच्या कर्कलंड येथील एका केअर होममध्ये, म्हणजे परावलंबी वृद्धांच्या निवासी शुश्रूषा केंद्रात, २८ फेब्रुवारी २०२० रोजी करोनाचा पहिला रुग्ण निश्चित झाला. पुढच्या तीन आठवड्यांत, म्हणजे १८ मार्चपर्यंत, त्या एका इमारतीशी संबंध असलेल्या बाधितांची संख्या १६७ वर गेली. त्यांत १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटीला आलेली माणसे होती. बाधित रहिवाशांपैकी जवळजवळ एक तृतीयांश दगावले. संसर्ग एवढ्या वेगाने का पसरला, याची जी कारणे साथरोगतज्ज्ञांनी नोंदवली, त्यांतील दोन पुढे जगभर पुन्हा पुन्हा आढळली: लक्षणे असतानाही कर्मचारी कामावर येत होते, आणि त्यांतील काही जण एकाच वेळी अनेक केअर होममध्ये काम करत होते.

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. पाश्चात्त्य देशांतील केअर होम हे तसे नव्हे, आणि आपला वृद्धाश्रमही बहुधा त्याच्या तुलनेत धडधाकट माणसांचा असतो. केअर होममध्ये राहणाऱ्या अनेकांना अंथरुणातून उठवण्यापासून आंघोळ घालणे, घास भरवणे, कूस बदलणे, शौचाला नेणे इथपर्यंत प्रत्येक गोष्टीत दुसऱ्याचा हात लागतो, आणि त्यांपैकी बऱ्याच जणांना स्मृतिभ्रंशाचा विकार असतो. बाकीच्या समाजाला सहा फुटांचे अंतर पाळण्यास सांगितले जात होते, तेव्हा इथे मात्र एका काळजीवाहकाचा हात दिवसभरात कितीतरी माणसांच्या अंगाला लागणार, हे ठरलेलेच होते. अंतर राखणे म्हणजे काळजी न घेणे, असाच त्याचा अर्थ झाला असता.

त्यात वृद्ध शरीराची आणखी एक अडचण आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. विषाणूच्या संसर्गाला शरीर तापाने उत्तर देते, अशी आपली समजूत असते, आणि तरुण शरीराच्या बाबतीत ती बव्हंशी खरीही आहे. परंतु वयाबरोबर छातीतील थायमस ग्रंथी आक्रसते, संसर्गाशी लढणाऱ्या नव्या टी-पेशी कमी तयार होतात, मेंदूला तापमान वाढवण्याचा निरोप देणारी प्रथिनांची यंत्रणा मंदावते, आणि थरथरून उष्णता निर्माण करणारे स्नायूही झिजलेले असतात. शिवाय अशा माणसांचे नेहमीचे तापमानच थोडे कमी असते, आणि सांधेदुखीसाठी रोज घेतलेले पॅरासिटामॉल उरलासुरला ताप झाकून टाकते. म्हणूनच केअर होममधील वृद्धांसाठी संसर्गतज्ज्ञांचा निकष वेगळा आहे: एकदा ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, किंवा वारंवार ३७.२ च्या वर, किंवा त्या व्यक्तीच्या स्वतःच्या नेहमीच्या तापमानापेक्षा १.१ अंशाने अधिक. यातील तिसरा निकष वापरायचा, तर त्या माणसाचे नेहमीचे तापमान आधी कोणाला तरी ठाऊक असावे लागते.

अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या ८१७ करोनाबाधित वृद्धांच्या अभ्यासात २८ टक्के जणांना भ्रम झालेला होता. म्हणजे वेळ-स्थळाचे भान सुटणे, असंबद्ध बोलणे किंवा एकाएकी गप्प होणे. भ्रम झालेल्यांपैकी ३७ टक्के लोकांना ताप किंवा धाप यांसारखे ठरावीक लक्षण एकही नव्हते. कर्कलंडच्याच परिसरातील दुसऱ्या एका केअर होममध्ये ७६ रहिवाशांची सरसकट चाचणी केली, तेव्हा ४८ जण बाधित निघाले आणि त्यांतील २७ जणांना त्या दिवशी कोणताही त्रास होत नव्हता. पुढच्या काही दिवसांत त्यांपैकी २४ जणांना लक्षणे दिसू लागली. दारावर कपाळाचे तापमान मोजणारी बंदूक धरून उभे राहिल्याने असा आजार सापडत नाही.

सापडतो तो ओळखीच्या माणसाला. एरवी सकाळी चहासाठी आरडाओरडा करणाऱ्या आजींनी आज कप बाजूला सारला, रोज व्हरांड्यात फेऱ्या मारणारे आजोबा दोनदा पडले, एखादी व्यक्ती ‘आज तिच्यासारखी वाटत नाही’, या गोष्टी नव्या माणसाच्या लक्षातही येत नाहीत. इंग्लंडमध्ये यांना ‘सौम्य खुणा’ म्हणतात. अशी खूण दिसताच नाडी, श्वासगती आणि रक्तातील प्राणवायू मोजावा आणि डॉक्टरांना आकड्यांसह कळवावे, अशी एक पद्धत तिथे साथीच्या आधीपासून तयार होती आणि साथीत ती खूपच उपयोगी पडली. थोडक्यात, त्या घरातील सर्वांत संवेदनशील उपकरण म्हणजे वर्षानुवर्षे तिथे काम करणारी काळजीवाहक बाई. आणि विषाणू आत येण्याचा सर्वांत मोठा मार्गही तिचाच. साथीतील केअर होमचा सारा पेच या दोन वाक्यांत आहे.

इंग्लंडमध्ये हा पेच धोरणकर्त्यांना उशिरा उमगला. १७ मार्च २०२० पासून रुग्णालयांतील खाटा मोकळ्या करण्याचा आदेश निघाला, आणि १५ एप्रिलला चाचणी सक्तीची होईपर्यंत सुमारे २५,००० लोक रुग्णालयांतून केअर होममध्ये पाठवले गेले. लक्षणे नसलेल्यांकडून होणाऱ्या प्रसाराचा धोका लक्षात न घेता आखलेले हे धोरण बेकायदा होते, असा निकाल तेथील उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. २ मार्च ते १२ जून २०२० या काळात इंग्लंड व वेल्समधील केअर होमच्या १९,३९४ रहिवाशांच्या मृत्यूच्या नोंदीत करोनाचा उल्लेख आहे. मात्र रुग्णालयातून आलेल्या रुग्णांवर सगळा दोष टाकून मोकळे होणे मला पटत नाही, कारण दारे बंद झाल्यानंतरही विषाणू आत येतच राहिला, आणि तो कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांबरोबर आला.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ‘विवाल्डी’ नावाच्या अभ्यासातून पुढे आला. मे-जून २०२० मध्ये इंग्लंडमधील ५,१२६ केअर होमच्या व्यवस्थापकांकडून माहिती गोळा करण्यात आली. जिथे कर्मचाऱ्यांना आजारपणात पगार मिळत होता, तिथे रहिवाशांमधील संसर्ग कमी होता. जिथे बहुतेक दिवस एजन्सीकडून बदली माणसे मागवली जात, तिथे तो जास्त होता. आणि जिथे बाधितांची व निरोगी रहिवाशांची काळजी घेणारे कर्मचारी वेगवेगळे ठेवले, तिथेही संसर्ग कमी दिसला. हे निरीक्षणात्मक संशोधन आहे, त्यातून कार्यकारणभाव थेट सिद्ध होत नाही. तरीही त्यामागचे गणित उघड आहे. त्या वेळी ब्रिटनमध्ये कायद्याने मिळणारा आजारपणाचा भत्ता आठवड्याला ९५.८५ पौंड होता, आणि किमान वेतनाच्या आसपास कमावणाऱ्या बाईला घसा खवखवतो एवढ्यासाठी घरी बसायचे म्हणजे घरभाड्यावर पाणी सोडायचे. तिने घसा खवखवतो हे सांगितलेच नाही, तर त्याला बेजबाबदारपणा म्हणण्याआधी तिचे पगारपत्रक पाहावे. मे २०२० मध्ये सरकारने ६० कोटी पौंडांचा जो निधी जाहीर केला, तो विलगीकरणातील कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार देता यावा आणि त्यांनी एकाच होममध्ये काम करावे, यासाठीच होता. भरपगारी रजा ही कामगार कल्याणाची बाब मानली जाते. इथे तिने मास्कइतकेच संसर्गरोधक साधनाचे काम केले असते, फक्त ती वेळेवर मिळायला हवी होती.

फ्रान्समधील काही कर्मचाऱ्यांनी याच प्रश्नाचे टोकाचे उत्तर शोधले. १७ केअर होममधील कर्मचारी स्वेच्छेने रहिवाशांबरोबरच राहू लागले. ल्यों शहराजवळच्या एका ठिकाणी तर गाद्या टाकून ४७ दिवस. या १७ पैकी एकाच ठिकाणी संसर्ग शिरला, तर देशभरातील सर्वेक्षणात जवळजवळ निम्म्या केअर होममध्ये तो आढळला. असे करणारी घरे आधीपासूनच सुव्यवस्थित असणार, त्यामुळे या तुलनेला मर्यादा आहेत. आणि आपली मुलेबाळे घरी सोडून दीड महिना कामाच्या जागी झोपण्याची अपेक्षा कोणत्याही नोकरीत धोरण म्हणून ठेवता येत नाही.

रहिवाशांच्या बाजूने पाहिले, तर संरक्षणाचीही एक किंमत होती. ऐकू कमी येणारी माणसे समोरच्याचे ओठ पाहून बोलणे समजून घेतात, आणि मास्कने नेमके ओठच झाकले. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ‘खोलीतच थांबा’ हे सांगितलेले दहा मिनिटांत आठवत नाही. तो पुन्हा बाहेर येतो, आणि त्याला पुन्हा आत नेणाऱ्या माणसाचा चेहरा त्याला दिसत नाही. रोजचे चालणे थांबले की वृद्धांचे स्नायू फार झपाट्याने झिजतात, आणि जेवायला सोबत नसली की भूकही मंदावते. मुलीने दुपारी येऊन दोन घास भरवणे हा केवळ जिव्हाळ्याचा भाग नव्हता, तर त्या घराच्या मनुष्यबळाचाच तो न मोजलेला हिस्सा होता. भेटी बंद झाल्यावर ते कामही आधीच थकलेल्या कर्मचाऱ्यांवर पडले, आणि शेवटच्या क्षणी हात धरून बसण्याचेही.

नेदरलँड्समध्ये २० मार्च २०२० रोजी भेटी बंद झाल्या, पण ११ मेपासून २६ केअर होममध्ये नियम घालून, अभ्यासकांच्या देखरेखीखाली त्या पुन्हा सुरू करण्यात आल्या. पहिल्या काही आठवड्यांत त्यांपैकी कुठेही नवा संसर्ग आढळला नाही, आणि रहिवाशांच्या वागण्यातला फरक कर्मचाऱ्यांना लगेच जाणवला. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून भेटीचा हक्क नियमात आला: अपवादात्मक परिस्थिती नसेल, तर केअर होमला भेटीची सोय करावीच लागते. साथ आली तरी प्रत्येक रहिवाशाला निदान एक माणूस भेटू शकावा, असे तेथील आरोग्य यंत्रणेचे मार्गदर्शन आता सांगते. तो एक माणूस कोण, हे रहिवाशाने ठरवायचे असते.