लांबच्या चालीसाठी हलकं थर्मल : घेण्याआधी एवढं वाचा

दुकानात आलात की आम्ही पहिला प्रश्न विचारणार : हे थर्मल घालून तुम्ही चालणार आहात, की झोपणार आहात? उत्तर घरूनच ठरवून आलात तर तुमचा आणि आमचा, दोघांचाही अर्धा तास वाचेल. बहुतेक जण ‘दोन्ही’ म्हणतात. म्हणायला हरकत नाही, पण मग कपडा वेगळा निघतो.

नोव्हेंबर लागला की रोज कोणीतरी येऊन सांगतं, ‘हिमालयात चाललोय, तुमच्याकडचं सगळ्यात जाड द्या.’ आम्ही सगळ्यात पातळ काढून दाखवतो. काही जण तेवढ्यावरच उठून लक्ष्मी रोडची वाट धरतात. पुण्याच्या थंडीत पहाटे स्कूटरवरून जाणाऱ्याला जाड थर्मल योग्यच आहे. तो हलत नाही आणि वारं खातो. पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन चढ चढणाऱ्याचं अंग मात्र शेगडीसारखं तापतं. आजूबाजूला बर्फ असला तरी पहिल्या अर्ध्या तासातच पाठ आणि मांड्या घामेजतात. वरचं जॅकेट चालता चालता काढता येतं. पँटीच्या आतलं थर्मल काढायचं तर बूट सोडा, पँट उतरवा, आणि तेही सगळ्या ग्रुपसमोर. म्हणून कोणी काढत नाही. घामातच चालतात आणि चहाला थांबले की दात वाजायला लागतात. पाणी उष्णता वाहून नेतं ते कोरड्या हवेच्या साधारण २५ पट. ओलं थर्मल अंगाला चिकटलं की तुमचीच ऊब ते बाहेर पोचवत राहतं.

म्हणून आमचं मत असं, की चालताना पायात थर्मल शक्यतो नकोच. साधी ट्रेक पँट पुरते. एक हलकी जोडी सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी ठेवा आणि मुक्कामाला पोचल्यावर ओले कपडे उतरवून ती घाला. रात्रभर तीच. दुसऱ्या दिवशी सकाळी कितीही जिवावर आलं तरी ती काढून पुन्हा पिशवीत. अपवाद समिट डेचा, म्हणजे शिखर गाठायच्या दिवसाचा. रात्री दोन-तीनला निघायचं असतं, वारा असतो, वेग गोगलगायीचा असतो. तेव्हा घालूनच निघा. ज्यांचे पाय मुळातच गार पडतात त्यांनीही आमचं ऐकू नये, स्वतःच्या पायांचं ऐकावं.

जाडीचा आकडा

कापडाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. १२० ते १६० म्हणजे हलकं, २०० च्या आसपास मध्यम, २५० च्या पुढे जड. वेष्टनावर हा आकडा नसेल तर दुकानदाराला विचारा. त्यालाही सांगता आला नाही तर कपडा ट्यूबलाइटसमोर धरा : हलक्या कापडातून उजेड झिरपतो.

उंचीचा हिशोब सोपा आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पुणे ५६० मीटरवर, पूर्व हिमालयातलं संदकफू ३,६३६ वर. नुसत्या उंचीनेच वीस अंश गेले. उत्तरेची थंडी आणि वारा वेगळाच. तरीही संदकफूला १५० चं थर्मल पुरतं, कारण खरी थंडी अडवायचं काम फ्लीस (मऊ, लवदार कापडाचा मधला कपडा) आणि जॅकेटचं असतं. आतल्या कपड्याने अंग कोरडं ठेवलं की त्याचं काम झालं. एव्हरेस्ट बेस कॅम्पसारख्या ५,३६४ मीटरच्या ठिकाणी जाणाऱ्यांनाही आम्ही २५० ची एक जोडी देण्याऐवजी १५० च्या दोन सुचवतो. फार गारठा वाटला तर एकावर एक चढवता येतात, आणि एक भिजली तर दुसरी हाताशी असते. जड पँट एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही.

हरिश्चंद्रगड, रतनगड, राजगड-तोरणा? डिसेंबर-जानेवारीत गडावर मुक्काम असेल तर १५० ची पँट रात्रीपुरती न्या. त्याच दिवशी परत यायचा ट्रेक असेल तर काहीही घेऊ नका, आमच्याकडूनही नाही.

कापड कोणतं

सुती नको. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ‘वॉर्मर’मध्ये बरंचसं सूतच असतं. घरात, बसमध्ये ते छान वाटतं, पण सूत पाणी पितं आणि सोडत नाही. त्यातच दिवसभर चाललात तर मांड्या घासून सोलवटतात, आणि पुढचे चार दिवस तुम्ही फेंगडे चालता.

लोकरीचं मर्म आपल्याकडे धनगराला कधीपासून ठाऊक आहे. पावसात मेंढरांमागे फिरणाऱ्याची घोंगडी भिजते, पण तो गारठत नाही. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. मेरिनो ही मेंढीची एक जात; तिची लोकरही तशीच, फक्त मऊ. दख्खनी मेंढीची लोकर जाड, म्हणून घोंगडी टोचते. मेरिनोचा तंतू १७ ते १९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), इतका बारीक की त्वचेला रुततच नाही. दुसरा गुण तंबूतल्या सोबत्यांना विचारा : पाच दिवस सलग घातलं तरी मेरिनोला फारसा वास येत नाही. दोष म्हणजे किंमत, आणि पातळ मेरिनो नाजूक असतं. मांड्यांमध्ये घासून ते विरतं, नख अडकलं की भोक पडतं. थोडं नायलॉन मिसळलेलं मेरिनो जास्त टिकतं. चालताना घालणार असाल तर तेच घ्या.

पॉलिएस्टर वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. घाम तंतूंच्या मधल्या फटींतून बाहेर सरकतो आणि उडून जातो. रात्री धुऊन पिळलं तर सकाळपर्यंत बहुधा वाळतं. स्वस्त, टिकाऊ, हलकं. फक्त अंगाचं तेल त्याला घट्ट धरतं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी त्याचा वास तुमच्या आधी तंबूत शिरतो. पॉलिप्रॉपिलीन याहून हलकं आणि याहून वासट. ते आम्ही ठेवत नाही. रेशीम पातळ आणि झोपायला सुंदर, पण ओलं झालं की कमजोर होतं.

गंमत म्हणून सांगतो. १९३३ साली हेन्रिक ब्रुन नावाच्या नॉर्वेच्या लष्करी अधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्यापासून बंडी बनवली. भोकांमध्ये हवा अडकते आणि ती हवाच ऊब धरते. जाळीची थर्मलं आजही निघतात. आम्ही एकदा मागवली होती; ग्राहकांनी हसून परत ठेवली, आता ती आमच्याच घरात वापरात आहेत.

कापड पारखायचं असेल तर उलट्या बाजूवर पाण्याचा एक थेंब टाका. झटकन पसरून पातळ झाला तर कापड घाम खेचेल. मोत्यासारखा बसून राहिला तर पँट खाली ठेवा. दुकानातच करून बघा, आम्ही चमचा देतो. लोकरीला मात्र ही परीक्षा लावू नका, तिची पाणी सामावण्याची तऱ्हा वेगळी.

परिक्रमावासींसाठी

गेली काही वर्षं नर्मदा परिक्रमेला पायी निघणारे बरेच जण येतात. लांबची चाल म्हणावी तर हीच : नदीच १,३१२ किलोमीटर, आणि दोन्ही काठ चालायचे. चातुर्मास संपल्यावर निघतात, म्हणजे ऐन थंडी वाटेतच गाठते. पहाटे नदीत स्नान, रात्री आश्रमाच्या ओसरीवर सतरंजी. सगळं पाठीवर वाहायचं, म्हणून इथे ग्रॅमचा हिशोब हिमालयापेक्षा कडक. अशांना आम्ही एकच पॉलिएस्टरची हलकी जोडी देतो, रंग पांढरा. मेरिनो नाही, कारण वाटेत जो साबण हाती लागेल त्याने, दगडावर आपटून धुतलं जाणार.

माप आणि शिवण

अंगासरसं हवं, आवळणारं नको. घालून उकिडवे बसून बघा. कंबर मागून खाली सरकली किंवा गुडघ्यावर ताण आला तर एक माप मोठं घ्या. तंबूच्या मागे सकाळी हाच प्रसंग येणार आहे, म्हणून लाजू नका. दोन पायांच्या मधे शिवण एकत्र येण्याऐवजी चौकोनी तुकडा जोडलेला असावा. शिवण फ्लॅटलॉक, म्हणजे आतून बोट फिरवलं तर उंचवटा लागायला नको. कमरेचं इलॅस्टिक रुंद आणि चपटं हवं. जाड नेफा सॅकच्या कंबरपट्ट्याखाली दाबला जाऊन वळ उठवतो. पुरुषांच्या पँटीला पुढचं उघडं असलं-नसलं तरी फारसा फरक पडत नाही. नसेल तर कापड आणि शिवण दोन्ही वाचतं.

धुणं

मेरिनो गार पाण्यात, सौम्य साबणाने, पिळा न देता धुवा आणि आडवं पसरून वाळवा. डाग काढणाऱ्या एन्झाइमच्या पावडरी टाळा. लोकर हेही प्रथिनच, ते एन्झाइम तिलाही कुरतडतं. पॉलिएस्टरला सुगंधी सॉफ्टनर लावू नका, तंतूंवर त्याचा थर बसून घाम खेचणं मंदावतं. कोणतंही थर्मल शेकोटीजवळ वाळत घालू नका. मेरिनोला कसर लागते, तेव्हा पावसाळ्याआधी धुऊन, पूर्ण वाळवून बंद पिशवीत ठेवा. कडुलिंबाच्या पाल्याने काम भागतं का, असं आम्हाला नेहमी विचारतात. आमची आजी ठेवायची, पण शिवाय पिशवीचं तोंड घट्ट बांधायची.

बदलून घेण्याबद्दल : वरचा शर्ट वेष्टनासह सात दिवसांत बदलून मिळेल. पँट अंतर्वस्त्र आहे. एकदा घरी नेल्यावर ती परत घेतली जाणार नाही. दुकानात मात्र तुमच्या ट्रेक पँटीच्या आत घालून हवी तेवढी पाहा. त्यासाठी येताना ट्रेक पँट आणि बूट घेऊन या.