बंदूक मागे मारते तेव्हा

शिरपूरकडे तापीकाठी मामांचा मळा आहे. तिथल्या खोलीत खुंटीला एक दुनळी बाराबोर असायची. परवाना आजोबांच्या नावाचा, शेतरक्षणाचा. केळीत रानडुकरं शिरली की आजोबा हवेत एक बार काढायचे आणि दुसऱ्या दिवशी खांदा चोळत ओट्यावर बसायचे. दस्ता कसा लावायचा ते त्यांनी मला रिकाम्या बंदुकीनं दाखवलं होतं. "दाबी धर, नही ते गाल सुजी जाई," एवढाच धडा. मागे मारणाऱ्या बंदुकीचं निम्मं विज्ञान त्यात आलं.

उरलेलं निम्मं मी फार उशिरा शिकलो, एका मोठ्या शहरातल्या रेंजवर, उडत्या चकत्यांवर नेम धरताना. प्रशिक्षकांनी त्यांची अर्धस्वयंचलित शॉटगन हातात दिली, म्हणजे दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी छर्ऱ्यांची बंदूक. पंचवीस चकत्यांत मी एक फोडली, तीही माझ्यापेक्षा तिच्या नशिबानं. पण खांदा दुखला नाही. काडतूस तेच, बाराबोरचंच. मग धक्का गेला कुठे?

आधी थोडं गणित. बाराबोर म्हणजे नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, अशी नळी. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटर. नेहमीच्या काडतुसात २८ ग्रॅम छर्रे असतात आणि ते सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगानं सुटतात. त्यांच्यासोबत प्लॅस्टिकचा पेला आणि जळलेल्या दारूचा वायूही पुढे जातो. हा सगळा संवेग बंदुकीला उलट दिशेनं फेडावा लागतो. बंदूक ३.२ किलोची असेल तर ती सेकंदाला जवळजवळ चार मीटर वेगानं मागे येते, म्हणजे सायकलच्या वेगानं. दस्ता खांद्याला घट्ट असेल तर अंगही बंदुकीबरोबर हलतं आणि धक्का विभागला जातो. मध्ये बोटभर जागा राहिली की तीच बंदूक हातोडा होते. वजन अर्धा किलोनं घटवलं तर धक्क्याची ऊर्जा पाचव्या हिश्श्यानं वाढते. हलकी बंदूक खांद्यावर घेऊन हिंडायला बरी, उडवायला वाईट.

अर्धस्वयंचलित बंदूक यातलं एक ग्रॅमही माफ करत नाही. ती फक्त धक्का लांबवते. उधारी तीच, हप्ते पाडून दिलेले.

तिच्यात दोन घराणी आहेत. पहिलं वायूचं. नळीला बारीक भोकं असतात. छर्रे तिथून पुढे सरकले की थोडा वायू भोकातून खाली येतो आणि दट्ट्या ढकलतो. दट्ट्या बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, मागे नेतो, रिकामं काडतूस बाहेर उडतं, स्प्रिंग बोल्टला परत पुढे आणते आणि येताना तो नवं काडतूस नळीत बसवतो. बोल्ट मागे जाऊन थांबेपर्यंत धक्क्याचा काही भाग उशिरा पोचतो, म्हणून खांद्याला एका ठोशाऐवजी ढकलल्यासारखं वाटतं. किंमत मोजावी लागते ती काजळीची. दिवसभराच्या सरावानंतर दट्ट्या चुलीवरच्या तव्यासारखा काळा होतो, आणि साफसफाईचा कंटाळा असलेल्याची बंदूक एक दिवस अडकतेच.

दुसरं घराणं जडत्वाचं. इटलीतल्या ब्रुनो चिव्होलानी या कारागिरानं गेल्या शतकाच्या सातव्या दशकात ते आणलं आणि बेनेल्ली कंपनीनं त्यावर नाव कमावलं. यष्टी एकदम सुटली की दांडा न धरलेला प्रवासी जागच्या जागी राहतो आणि बस पुढे जाते, तेच इथे. बंदूक झटक्यानं मागे सरकते, पण बोल्टचं जड अंग क्षणभर जागीच राहतं. बोल्टचं डोकं नळीला कुलूपबंद असतं. डोकं आणि अंग यांच्यामध्ये एक ताठ, आखूड स्प्रिंग असते, ती दाबली जाते. नळीतला दाब ओसरतो, स्प्रिंग उसळते, डोकं फिरून कुलूप उघडतं आणि बाकीचं सगळं पहिल्या घराण्यासारखंच. वायू आत येत नाही, म्हणून काजळी अगदी कमी. भागही थोडे. मला ही रचना मनापासून आवडते.

पण तिच्या खोड्या तिच्या तत्त्वातूनच येतात. बंदुकीला मागे सरकायला जागा हवी. ती भिंतीला पक्की टेकवून उडवली, किंवा तिच्यावर जड सामान चढवून वर हलकं २४ ग्रॅमचं काडतूस घातलं, तर स्प्रिंग पुरेशी दबत नाही आणि रिकामं काडतूस आतच अडकतं. आणखी एक: आवाज नको म्हणून बोल्ट हातानं अलगद पुढे सोडला तर डोकं पूर्ण फिरत नाही. मग चाप ओढल्यावर नुसतं 'टक्' होतं, आणि पक्षी निघून जातो.

पक्षी म्हटलं, ते परदेशातल्या शिकाऱ्यांबद्दल. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीची वाट बंद केली. पिकात शिरणाऱ्या जनावरांसाठीसुद्धा अधिकाऱ्यांची परवानगी लागते. अमेरिकेत बदकांची शिकार चालते, पण बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं ठेवता येतात, आणि १९९१पासून बदकांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत. पाणथळीत पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि शिशाच्या विषानं मरतात. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात उतरणारी बदकं अशीच खडे गिळतात, हे पाहिलं की तो नियम दूरचा वाटत नाही. गंमत अशी की या नियमानं बंदुकीची निवडही बदलली. पोलाद शिशापेक्षा बरंच हलकं, म्हणून छर्रे मोठे घ्यावे लागतात. मोठे छर्रे मावायला काडतूस लांब, लांब काडतुसाचा धक्का जास्त. मग वायूवाली बंदूक एकदम गोड वाटू लागते. चिखलातून, पाण्यातून मैलोगणिक चालणारा मात्र हलक्या जडत्ववालीकडेच वळतो.

चकतीवाल्याचं वेगळं. त्याला चालायचं नसतं, दिवसाला शेकडो बार काढायचे असतात. त्याला वजनदार, वायूवर चालणारी बंदूक सोसते. ऑलिंपिकमध्ये अर्धस्वयंचलित बंदुकीला बंदी नाही, तरी तिथे बहुतेकांच्या हाती एकावर एक नळ्यांची साधी बंदूक दिसते. ती मधून उघडून धरली की रिकामी आहे हे सगळ्या मैदानाला दिसतं, आणि रिकामं काडतूस शेजाऱ्याच्या कानाजवळून जात नाही.

त्या चकतीला क्ले म्हणतात, पण आज तिच्यात माती नसते. डांबरी राळ आणि चुनखडीची पूड, व्यास ११ सेंटिमीटर, वजन १०५ ग्रॅम. माझ्या चोवीस कुठे गेल्या ते गोफणीनं समजलं. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावरून पोपटांच्या थव्यावर गोफण फिरवणारा पोरगा थव्याला मारत नाही, थवा जिथे पोचणार तिथे दगड सोडतो. वीस मीटरवरून, सेकंदाला वीस मीटर वेगानं आडवी जाणारी चकती घ्या. छर्ऱ्यांना तिथवर जायला सेकंदाचा सोळावा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात ती सव्वा मीटर पुढे गेलेली असते. मी चकतीवरच नेम धरत होतो. बंदुकीत काहीच चूक नव्हती.

म्हणून यंत्रणेआधी मी दस्ता बघायला सांगेन. शॉटगनला नेम धरायची मागची खाच नसते, तिथे तुमचा डोळाच असतो. गाल दस्त्यावर टेकल्यावर डोळा नळीच्या सरळ रेषेत आला नाही, तर कुठलंही घराणं उपयोगाचं नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून अंगठा दूरच्या कडुनिंबावर धरा आणि एकेक डोळा मिटा. जो मिटल्यावर अंगठा उडी मारतो, तो तुमचा राजा डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा राजा डावा निघाला की सगळं बिनसतं.

आणि काडतुसाची लांबी. खोक्यावरचा आकडा उडवल्यानंतरच्या काडतुसाचा असतो. तोंड दुमडलेलं, न उडवलेलं काडतूस आखूड असतं, त्यामुळे ७० मिलिमीटरचं, म्हणजे पावणेतीन इंची काडतूस ६५च्या, म्हणजे अडीच इंची घरातही (नळीतल्या काडतुसाच्या जागेतही) सुखानं बसतं. उडताना तोंड उलगडायला जागा मिळत नाही, घरापुढची नळीतली वाट चिंचोळी होते आणि दाब वाढतो.

आजोबा गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा करायची होती. त्याआधी मामांनी नळ्या उतरवून पुसायला घेतल्या. इंग्लंडची बनावट होती. नळीच्या बुडाला, एरवी झाकल्या जाणाऱ्या सपाट भागावर, बारीक अक्षरांत अडीच इंच कोरलेलं होतं. देवळीतल्या उरलेल्या डब्यातली काडतुसं पावणेतीन इंची होती.