सिडको की कॅमलिन? नाव नेमकं कसं घडलंय

माझा चुलतभाऊ पंचवटीत चिवड्याचं दुकान टाकतोय आणि नावावरून परवा घरात तासभर चर्चा. त्याला 'नाशिक चिवडा' यातूनच काहीतरी छोटं हवं होतं. काका म्हणाले 'नाचि', पुतणीनं सुचवलं 'नाशिवडा', आणि सगळ्यांचं म्हणणं की दोन्ही शॉर्टफॉर्मच, काय फरक पडतो. पडतो हो, आणि पाटी रंगवायच्या आधी तो कळलेला बरा.

'नाचि' हे आद्याक्षरी नाव. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, बास. आपलं सिडको तसंच, सिटी अँड इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, फक्त शेवटी 'को' जरा जास्त घेतलाय म्हणून ते एका दमात म्हणता येतं. एमआयडीसीला असा टेकू नाही, म्हणून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जाताना आपण एकेक अक्षर उच्चारतो. 1952 ची विको पण याच जातीची, विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी.

'नाशिवडा' मात्र जोडनाव. इथं दोन शब्द एकमेकांत मुरतात. शि आणि चि कानाला जवळचे, म्हणून सांधा जाणवतच नाही. पिंटरेस्टमध्ये पिन आणि इंटरेस्ट या दोघांनी मिळून एकच 'इन' वापरलाय. आणि आपल्या कंपासपेटीतलं कॅमलिन! दांडेकरांचा 1931 पासूनचा शाईचा धंदा, त्यातली कॅमल इंक. भराभर म्हणून बघा, ल ला इ चिकटते, शेवटचा क गळतो, झालं कॅमलिन.

आपला घोळ होतो तो देवनागरीमुळे. आपण काना-मात्रेसकट अख्खं अक्षर उचलतो, भाजपचा भा, मनसेचा से, त्यामुळे आद्याक्षरी नावसुद्धा जोडल्यासारखं वाटतं. मी एकच खूण बघते, मूळ शब्द कानाला सापडतो का. कॅमलिनमध्ये कॅमल ऐकू येतो, सिडकोत सिटी ऐकू येत नाही.

(सुला वाइन यातलं काहीच नाही, ती सुरू करणाऱ्या राजीव सामंतांच्या आईचं नाव सुलभा, त्याचा सुरुवातीचा तुकडा ठेवलाय.)

खाण्याच्या मालाला मला जोडनावच आवडतं, कारण माल काय आहे ते नावातच कळतं. पण म्हणूनच ते मोठ्यानं बोलून बघावं लागतं. वहिनी गिऱ्हाईकासारखी उभी राहून म्हणाली, "दादा, अर्धा किलो नाशिवडा द्या," आणि आजीनं लगेच विचारलं, कशाचा नाश, आणि वडा कुठंय?

आता भाऊ 'चिवडा' आधी घेऊन काही जुळतंय का बघतोय.