पार्श्वभूमी : टीबीची इंजेक्शने आणि कान

टीबीवरचे इंजेक्शन स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. १९४८ मध्ये त्याच्या गाजलेल्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले, तेव्हाच रुग्णांना चक्कर येते, तोल जातो, हे नोंदले गेले होते. आतल्या कानाला होणारी इजा औषधाइतकीच जुनी आहे.

नंतर गोळ्या आल्या. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येतात, त्यासाठी सोबत ब-६ जीवनसत्त्व देतात. इथॅम्ब्युटॉल नजरेवर उठते. पायराझिनामाइड आधी यकृताला झेपेना म्हणून मागे पडले, पुढे कमी डोसात परतले. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण तिलाही ‘साइड इफेक्ट’ म्हणायचे आणि कायमच्या बहिरेपणालाही! या एकाच शब्दाने बरेच काही झाकले.

एमडीआर, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत नेहमीच्या गोळ्या चालेनात, तेव्हा कॅनामायसिन आणि कॅप्रिओमायसिन या इंजेक्शनांवर भर आला. २०११ च्या जागतिक शिफारशींत इंजेक्शनाचा टप्पा निदान आठ महिन्यांचा होता. या औषधांनी आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच स्वर जातात, त्यामुळे बोलणे ऐकू येत असते तोवर रुग्णाला पत्ता लागत नाही. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची यंत्रावर तपासणी, केली तरच कळते, आणि ती सगळीकडे होत नसे. जीव वाचणार असेल तर कानाची किंमत मोजावी, असा हिशेब होता. दुसरे औषध नव्हते तोवर तो पटण्याजोगाही होता. पण बेडाक्विलिन या नव्या गोळीला २०१२ मध्ये पहिली मान्यता मिळाली, तरी इंजेक्शने आणखी काही वर्षे पहिल्या पसंतीत राहिली. हा उशीर समजावून सांगणे कठीण आहे.

२०१८ मध्ये हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तर कॅनामायसिन आणि कॅप्रिओमायसिन घेतलेल्यांचे निकाल इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा वाईट दिसले. अशा नोंदींतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण मग कान कशासाठी गेले, हा प्रश्न उरतोच. २०१९ च्या शिफारशींनी दोन्ही वगळली; तशाच प्रकारचे अमिकासिन हे इंजेक्शन राखीव राहिले, तेही ऐकण्याची तपासणी होत असेल तरच.

नव्या गोळ्याही निरुपद्रवी नाहीत. बेडाक्विलिन देताना ईसीजी काढावा लागतो. लिनेझोलिड रोज १२०० मिलिग्रॅम दिले तेव्हा बहुतेकांच्या नसांना इजा झाली, अनेकांच्या रक्तपेशीही घटल्या. २०२२ पासून शिफारस ६०० मिलिग्रॅमची आहे.