वाईनचा कोर्स करायचाय? फॉर्म भरण्याआधी एवढं वाचा

वाईनचं औपचारिक शिक्षण म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डब्ल्यूएसईटी येतं, म्हणजे लंडनची १९६९ मध्ये सुरू झालेली 'वाईन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट'. लेव्हल १ ते ४ अशा पायऱ्या आहेत. आपल्याकडे प्रवेश त्यांच्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत घ्यायचा. फॉर्म, फी, फोटो ओळखपत्र हे सगळं सरळ आहे. लोक अडकतात ते भलतीकडेच.

पहिली अडचण वयाची. शिक्षणाची अट नाही, दहावी झाली की नाही हे कुणी विचारत नाही. पण वर्गात वाईन चाखायची तर जिथे वर्ग भरतो तिथलं कायदेशीर वय पूर्ण हवं. महाराष्ट्रात वाईन आणि सौम्य बिअरसाठी २१, बाकी मद्यासाठी २५. हॉटेल मॅनेजमेंटची पोरं एकोणीस-वीस वर्षांची असतात, फी भरून मोकळी होतात आणि मग पहिल्या दिवशी ग्लास दुसऱ्यांपुढे जाताना बघत बसतात. लेव्हल १ आणि २ ची परीक्षा नुसती बहुपर्यायी प्रश्नांची असते, त्यामुळे न चाखताही पास होता येतं. तेवढ्यावर समाधान असेल तर जरूर करा, मात्र लेव्हल ३ साठी वय होईपर्यंत थांबा. तिथे चाखण्याची वेगळी परीक्षा आहे. आणि 'स्पिरिट्स'चा, म्हणजे व्हिस्की-रमसारख्या कडक मद्याचा, कोर्स घेणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलांनो, महाराष्ट्रात तुमचा ग्लासही रिकामाच राहणार.

वयाचा पुरावा म्हणून जुनं आधार घेऊन येऊ नका. त्यावर फक्त जन्माचं वर्ष छापलेलं असतं, तारीख नाही. पासपोर्ट असेल तर उत्तम. महाराष्ट्रात मद्यसेवनाचा परवानाही लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा हा कागद कायद्यात आहे आणि लोकांच्या खिशात जवळजवळ कधीच नाही. काढून ठेवा.

दुसरी अडचण नावाची, आणि इथे मला खरंच चीड येते. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, बाकी नावांचा वेगळा. लग्न झालेल्या बाईचं तर प्रत्येक कागदावर वेगळं. लंडनच्या फॉर्मला या गुंत्याशी देणंघेणं नाही. प्रमाणपत्रावर नोंदणीचं नाव छापलं जातं आणि परीक्षेच्या दिवशी ओळखपत्र त्याच्याशी ताडून बघतात. म्हणून जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचं नाव अक्षरन् अक्षर फॉर्मवर उतरवा. घरात कोण काय म्हणतं ते सोडा.

तारखांचंही तसंच. संस्थेला परीक्षेची नोंदणी आधी लंडनकडे पाठवावी लागते, त्यामुळे 'परीक्षा रविवारी, शुक्रवारी सांगतो' चालत नाही. वाचनाची अडचण, जास्त वेळ लागणं असं काही असेल तर नोंदणी करतानाच सांगा, नंतर कुणी ऐकत नाही. निकालाला काही आठवडे लागतात. परदेशी नोकरीसाठी प्रमाणपत्र हवं असेल तर ते आठवडे धरूनच हिशोब करा.

परीक्षा मराठीत नाही. लेव्हल १ ला ३० प्रश्न आणि पास व्हायला ७० टक्के, लेव्हल २ ला ५० प्रश्न आणि ५५ टक्के. लेव्हल ३ मध्ये मात्र लेखी आणि चाखणं, दोन्हीत स्वतंत्रपणे ५५ टक्के हवेत. लेखीत ८० पडले म्हणून चाखण्यातले ४८ भरून निघत नाहीत. दिलासा एवढाच की नापास झालेला भागच पुन्हा देता येतो.

चाखण्यात दोन वाईन, अर्धा तास. 'छान लागते' लिहून गुण मिळत नाहीत, आम्लता, टॅनिन (म्हणजे तुरटपणा), वास हे ठरलेल्या यादीतल्या शब्दांत लिहायचं. त्या यादीत गूजबेरी आहे. मी वर्गात एकदा विचारलं तर निम्म्यांनी आवळा म्हटलं, दोघांनी रसभरी. दोन्ही नव्हे, ते युरोपातलं तिसरंच आंबट फळ. मिळेल तिथे त्याचा जॅम आणून हुंगा, ब्लॅककरंटचाही. आणि पिकदाणी टेबलावर शोभेला ठेवलेली नसते. चाखलेली वाईन थुंकायला लाजणारे तिसऱ्या ग्लासनंतर सगळ्या वाईन सारख्याच लागतात म्हणतात.